आर्क्टिकची पिल्लं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हवामानबदलाची बातमी आली की सोबत बहुतेक वेळा एकच छायाचित्र येतं : बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं एकटं ध्रुवीय अस्वल. काही जण ते पाहून हळहळतात, तर काही जणांना त्यात अतिशयोक्ती दिसते. आर्क्टिकमध्ये काय चाललं आहे हे मात्र दोघांनाही त्यातून कळत नाही, कारण एकटा, पूर्ण वाढलेला प्राणी बराच काळ तग धरू शकतो. बदलाचा पहिला फटका बसतो तो आईच्या अंगावरच्या चरबीला, तिच्या दुधाला आणि पिल्लाच्या पहिल्या वर्षाला.

१९७९पासूनच्या नोंदी पाहिल्या तर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. तिथल्या प्राण्यांबद्दल आपल्याकडे बरेच समज रूढ आहेत. त्यातले काही निखालस चुकीचे आहेत, काही अर्धे खरे आहेत. ते तपासताना एक प्रश्न सतत समोर ठेवायला हवा : पिल्लू जगून मोठं होतं आहे का?

गैरसमज १ : आर्क्टिक म्हणजे बर्फाचा ओसाड खंड, तिथे अस्वलं आणि पेंग्विन राहतात.

वस्तुस्थिती : पेंग्विन उत्तर ध्रुवाकडे राहत नाहीत. त्यांच्या बहुतेक जाती दक्षिण गोलार्धातल्या आहेत, आणि ध्रुवीय अस्वलाची आणि त्यांची निसर्गात कधीच गाठ पडत नाही. अंटार्क्टिका हा बर्फाखाली दबलेला खंड आहे. आर्क्टिकच्या मधोमध मात्र महासागर आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर समुद्राचंच पाणी गोठून बर्फ तयार होतो. हा सागरी बर्फ हिवाळ्यात पसरतो आणि सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी उरतो. त्याच्या तळाशी शेवाळ वाढतं, त्यावर सूक्ष्म जीव पोसले जातात, त्यांच्यावर मासे, माशांवर सील आणि सीलवर अस्वलं जगतात. त्यामुळे बर्फ आटतो तेव्हा प्राण्यांच्या पायाखालची जमीन जाते आणि अन्नसाखळीचा पायाही खचतो. उपग्रहांच्या नोंदींनुसार सप्टेंबरमधला हा बर्फ दर दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी घटत आला आहे. २०१२ साली तो ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत खाली आला होता. तो आजवरचा नीचांक आहे.

गैरसमज २ : थंडी कमी झाली तर पिल्लांना जगणं सोपंच जाईल.

वस्तुस्थिती : ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लाला थंडीपेक्षा उपासमारीचं भय मोठं आहे. त्याची गोष्ट जन्माच्या कितीतरी आधी सुरू होते. अस्वलांचं मीलन वसंत ऋतूत होतं, पण गर्भ लगेच रुजत नाही. शरद ऋतूपर्यंत तो वाढ थांबवून राहतो. मधल्या काळात मादीने पुरेशी चरबी साठवली असेल तरच गर्भधारणा पुढे सरकते. मग ती बर्फात गुहा खोदून आत जाते आणि ऐन हिवाळ्यात, बहुधा दोन, पिल्लांना जन्म देते. जन्मताना पिल्लू जेमतेम सहाशे ग्रॅमचं असतं, आंधळं आणि पूर्णपणे परावलंबी. मार्च-एप्रिलमध्ये ते गुहेबाहेर येतं तेव्हा त्याचं वजन दहा किलोच्या घरात गेलेलं असतं. ही सगळी वाढ आईच्या दुधावर होते. त्या दुधात सुमारे ३० टक्के स्निग्धांश असतो आणि ते देणारी आई तेवढे दिवस काहीही खात नाही. कॅनडातल्या हडसन उपसागराच्या परिसरात गर्भार मादीचा हा उपास आठ महिन्यांपर्यंत लांबतो.

हा उपास झेपण्यासाठी लागणारी चरबी सीलच्या शिकारीतून मिळते, आणि सील पकडायला बर्फ लागतो. अस्वल श्वासाच्या छिद्रापाशी दबा धरतं किंवा बर्फावर पहुडलेल्या सीलला गाठतं. मोकळ्या पाण्यात सीलच वरचढ ठरतो. हडसन उपसागराचा बर्फ उन्हाळ्यात पूर्ण वितळतो आणि आता बर्फाविना जाणारा काळ १९८०च्या दशकापेक्षा तीन-चार आठवड्यांनी लांबला आहे. तेवढे आठवडे आईच्या कमाईतून वजा होतात आणि उपासात जमा होतात. त्याचा परिणाम २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उघड दिसला. पश्चिम हडसन उपसागरातल्या ३७ वर्षांच्या काळात प्रौढ माद्यांचं सरासरी वजन सुमारे ३९ किलोने आणि वर्षभराच्या पिल्लांचं सुमारे २१ किलोने घटलं होतं. आई हडकली की दूध आटतं. दूध आटलं की लहानखुरं पिल्लू पुढच्या लांबलेल्या उपासात टिकत नाही.

गैरसमज ३ : अस्वलांची संख्या तर वाढते आहे, मग संकट कसलं?

वस्तुस्थिती : या समजात सत्याचा अंश आहे, म्हणून तो नीट सोडवून पाहायला हवा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ध्रुवीय अस्वलांची बेसुमार शिकार होत होती. १९७३ साली कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या पाच देशांनी ऑस्लोमध्ये संरक्षण करार केला. शिकारीला लगाम बसल्यावर काही भागांत अस्वलं सावरली, हे खरं आहे. पण ते यश शिकार रोखल्याचं आहे. त्यावरून बर्फ गेल्याने बिघडत नाही, असा निष्कर्ष निघत नाही.

आज जगात सुमारे २६ हजार ध्रुवीय अस्वलं असावीत, असा अंदाज आहे. ती वेगवेगळ्या वीसेक गटांत विभागलेली आहेत आणि प्रत्येक गटाची कहाणी निराळी आहे. पश्चिम हडसन उपसागरात १९८७मध्ये सुमारे १,२०० अस्वलं होती. २०१६मध्ये ८४२, तर २०२१मध्ये ६१८ उरली. अलास्काच्या उत्तरेकडच्या दक्षिण ब्यूफोर्ट समुद्रात २००१ ते २०१० या दशकात गट निदान पाव हिश्शाने आक्रसला. याउलट शेजारच्याच चुकची समुद्रात सील मुबलक आहेत, तिथली अस्वलं धष्टपुष्ट आढळली आणि त्यांची पिल्लंही जगत होती. सगळीकडे एकाच वेळी, एकाच वेगाने घसरण चाललेली नाही. जिथे बर्फ लवकर आणि जास्त काळ जातो तिथे ती आधी पोहोचली आहे.

दुसऱ्या बाजूचा उतावळेपणाही टाळायला हवा. २०१७ साली कॅनडातल्या एका मरणासन्न, हडकलेल्या अस्वलाची चित्रफीत जगभर पाहिली गेली आणि थेट हवामानबदलाचा पुरावा म्हणून तिची ओळख करून दिली गेली. पुढच्याच वर्षी ती दाखवणाऱ्या ‘नॅशनल जिओग्राफिक’ने आपण फार पुढे गेलो, अशी कबुली दिली. एकटं अस्वल आजाराने, जखमेने किंवा म्हातारपणानेही खंगू शकतं. त्यामुळे एका मरणासन्न अस्वलावरून निष्कर्ष काढणं चूक, आणि एका गुबगुबीत अस्वलावरून काढणंही तितकंच चूक. अनेक वर्षांत किती माद्या व्यायल्या आणि त्यांची किती पिल्लं वयात आली, यावरूनच गटाचं भवितव्य कळतं.

गैरसमज ४ : बर्फ नसेल तर अस्वलं जमिनीवर खातील, नाहीतर पोहत बर्फ गाठतील.

वस्तुस्थिती : अस्वलं दोन्ही करून पाहतात. पक्ष्यांची अंडी, बोरांसारखी फळं, गवत, वाहून आलेलं कलेवर, जे मिळेल ते खातात. प्रश्न हिशेबाचा आहे. पश्चिम हडसन उपसागरात २० अस्वलांच्या गळ्यात कॅमेऱ्याचे पट्टे बांधून उन्हाळ्यातला त्यांचा दिनक्रम टिपण्यात आला. २०२४मध्ये आलेल्या या अभ्यासात काही अस्वलं दिवसभर पडून राहिली, काही अन्न शोधत हिंडली. तरी २०पैकी १९ अस्वलांचं वजन घटलं, तेही दिवसाला सरासरी किलोभर. फळं वेचायला जितकी ऊर्जा लागली जवळपास तितकीच मिळाली. ज्या एका अस्वलाचं वजन वाढलं, त्याला बहुधा एखादं मोठं कलेवर सापडलं होतं.

पोहण्याचं गणित आईसाठी आणखी कठोर आहे. २००८ साली ब्यूफोर्ट समुद्रात एक मादी बर्फ गाठण्यासाठी न थांबता नऊ दिवस पोहत राहिली. तिने ६८७ किलोमीटर अंतर कापलं. ती जगली, पण तिचं २२ टक्के वजन घटलं आणि सोबत असलेलं वर्षाचं पिल्लू तिने गमावलं. मोठं जनावर जे अंतर पार करू शकतं, ते चरबीचा पातळ थर असलेल्या पिल्लाला जीवघेणं ठरतं.

गैरसमज ५ : प्रश्न एकट्या ध्रुवीय अस्वलाचा आहे.

वस्तुस्थिती : अस्वल ज्या रिंग्ड सीलवर जगतं, त्याच्या पिल्लाचं घरसुद्धा बर्फाचंच असतं. मादी आपल्या श्वासाच्या छिद्रावर साचलेल्या हिमाच्या ढिगात पोकळी करते आणि वसंताच्या तोंडावर तिथे एक पिल्लू देते. ते साधारण साडेचार किलोचं असतं. अंगावरची पांढरी लव सुकी असेपर्यंतच ऊब देते, भिजली की निरुपयोगी. पाच-सहा आठवडे दूध पीत तिथे वाढायचं, तर छपरावर हिमाचा जाड थर हवा. बर्फ उशिरा गोठला तर त्यावर हिम साचायला वेळ कमी मिळतो. अवेळी पाऊस आला तर छप्पर कोसळतं. मग पिल्लू उघड्यावर येतं आणि गारठा, कोल्हे, अस्वलं, मोठे पक्षी या सगळ्यांच्या तावडीत सापडतं.

वॉलरसची तऱ्हा निराळी. वॉलरसची मादी उथळ समुद्राच्या तळाशी बुडी मारून शिंपले खाते आणि तेवढ्या वेळात पिल्लू बर्फाच्या तुकड्यावर विसावतं. तो तुकडा वाहत जातो आणि मायलेकरांना नव्या चराईच्या जागी घेऊन जातो. चुकची समुद्रातला बर्फ आता उन्हाळ्याच्या अखेरीस खोल पाण्याच्या भागापर्यंत मागे हटतो. तिथे तळ गाठता येत नाही, म्हणून हजारो माद्या पिल्लांसह किनाऱ्यावर येतात. सप्टेंबर २०१४मध्ये अलास्कातल्या पॉइंट ले या गावाजवळ सुमारे ३५ हजार वॉलरस एकाच किनाऱ्यावर दाटले होते. विमानाचा आवाज किंवा अस्वलाची चाहूल एवढं निमित्त पुरतं. कळप घाबरून पाण्याकडे धावतो आणि पिल्लं तुडवली जातात. २००९मध्ये याच किनाऱ्यावर आइसी केपजवळ १३१ वॉलरस मेलेले सापडले, बहुतेक सगळे कोवळ्या वयाचे. पॉइंट लेच्या इन्युपियाट गावकऱ्यांनी बघ्यांना गावात न येण्याची विनंती केली आणि विमानांनाही दूर राहायला सांगण्यात आलं. तुडवून होणारे मृत्यू अशा साध्या उपायांनी कमी करता येतात. चराईपासून दूर पडल्यामुळे आईला रोज पडणारी खेप मात्र त्याने वाचत नाही.

कोल्ह्यांसाठी हाच बर्फ वाहतुकीचा रस्ता आहे. २०१८ साली एक तरुण आर्क्टिक कोल्ही नॉर्वेच्या स्वालबार्डहून निघाली, गोठलेल्या समुद्रावरून ग्रीनलँडमार्गे चालत ७६ दिवसांत कॅनडाच्या एल्समिअर बेटावर पोहोचली. अंतर होतं ३,५०६ किलोमीटर. अशा प्रवासांमुळे दूरच्या बेटांवरच्या कुळांमध्ये नवं रक्त येत राहतं. बर्फाचा पूल तुटला की स्वालबार्डच्या कोल्ह्यांची कुटुंबं इतरांपासून अलग पडतील.

गैरसमज ६ : उबदार हिवाळा रेनडियरला मानवेल.

वस्तुस्थिती : रेनडियर उणे तापमान सहज सोसतो, त्याला धोका आहे हिवाळ्यातल्या पावसाचा. तो खुराने हिम उकरून खालचं दगडफूल आणि गवत खातो. हिमावर पाऊस पडून पुन्हा गोठला की जमिनीवर काचेसारखा कडक थर बसतो आणि चारा डोळ्यांसमोर असूनही तोंडी लागत नाही. रशियाच्या यामाल द्वीपकल्पावर नोव्हेंबर २०१३मध्ये असंच घडलं. त्या हिवाळ्यात ६१ हजार रेनडियर उपासाने मेले आणि नेनेत्स पशुपालकांच्या अनेक कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची पुंजी गेली.

स्वालबार्डमध्ये चित्र अधिक गुंतागुंतीचं आहे. तिथे उन्हाळा लांबल्याने गवत वाढलं आणि रेनडियरची एकूण संख्या वाढून २२ हजारांच्या आसपास गेली. पण १९९४मध्ये जन्मलेले रेनडियर वयात आल्यावर सरासरी ५५ किलोचे भरत होते, तर २०१०मध्ये जन्मलेले ४८ किलोचे. उन्हाळा गर्भधारणेला बळ देतो, पुढचा हिवाळा मात्र गाभण्या माद्यांना उपाशी ठेवतो, आणि पाडसं लहानखुरी जन्मतात. संख्या वाढलेली दिसते, पण वाईट हिवाळा आला तर हीच हलकी जनावरं आधी पडतात. २०१९मध्ये तिथे सुमारे २०० रेनडियर उपासमारीने मेलेले आढळले. बर्फाने चारा झाकला गेला की काही कळप किनाऱ्यावर उतरून समुद्री शेवाळ खातात, असंही संशोधकांना दिसलं आहे. तेवढ्याने जीव तगतो, पोट भरत नाही.

उत्तर अमेरिकेतले त्यांचे भाऊबंद, म्हणजे कॅरिबू, जास्तच खालावले आहेत. कॅनडातल्या बाथर्स्ट कळपात १९८६मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार कॅरिबू होते, २०२१मध्ये साधारण ६,२०० उरले. या घसरणीमागे हवामानाबरोबर खाणी, रस्ते, शिकार आणि संख्येतले नैसर्गिक चढउतारही आहेत. एकट्या तापमानावर सारा दोष टाकणं बरोबर होणार नाही.

गैरसमज ७ : वसंत लवकर आला तर पिल्लांना अधिक दिवस खायला मिळेल.

वस्तुस्थिती : अन्न किती आहे यापेक्षा ते कोणत्या आठवड्यात आहे, याला आर्क्टिकमध्ये महत्त्व असतं. पश्चिम ग्रीनलँडमधल्या कांगरलुसुआकजवळ कॅरिबू विण्यासाठी येतात. त्यांचा प्रवास दिवसाच्या लांबीवर बेतलेला असतो, आणि ती काही बदललेली नाही. वनस्पती मात्र तापमान पाहून फुटतात. आता पालवी लवकर येते आणि गाभण्या माद्या पोहोचतात तोवर कोवळा, सकस चारा जून झालेला असतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथे पाडसांचे मृत्यू वाढलेले आणि त्यांची पैदास चौपटीने घटलेली आढळली.

रेड नॉट या पक्ष्याची कथा तर खंड ओलांडून जाते. सायबेरियाच्या तैमिर द्वीपकल्पावर त्याची पिल्लं कीटक खाऊन वाढतात. हिम लवकर वितळलं की कीटकांचा बहर पिल्लं अंड्यातून येण्याआधीच ओसरतो. पिल्लं खुजी राहतात आणि त्यांची चोचही आखूड राहते. तरीही ती उडून पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर पोहोचतात. तिथे वाळूत खोल दडलेल्या शिंपल्यांपर्यंत आखूड चोच पोहोचत नाही आणि अनेक कोवळे पक्षी त्या उबदार किनाऱ्यावर मरतात. दोष जन्मस्थळी घडतो आणि मृत्यू हजारो किलोमीटर दूर होतो. हा दुवा २०१६मध्ये संशोधकांनी उलगडून दाखवला.

महाराष्ट्राचा किनाराही अशाच एका हवाई मार्गावर आहे. हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलात दिसणारे कर्ल्यू सँडपायपर आणि लिटल स्टिंट आर्क्टिकच्या टुंड्रात जन्मतात. त्यांपैकी कर्ल्यू सँडपायपरची जागतिक संख्या इतकी घटली आहे, की २०२४मध्ये त्याची नोंद संकटप्रवण जातींत झाली. त्याच्या प्रवासमार्गावरचे चिखलपट्टे भराव टाकून बुजवले जाणं हेही त्यामागचं मोठं कारण आहे. म्हणूनच २०२२मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेली ठाणे खाडी सांभाळणं, हे आर्क्टिकच्या पिल्लांसाठी आपण इथे राहून करू शकतो असं काम आहे.

गैरसमज ८ : प्राणी जुळवून घेतातच, पूर्वीही हवामान बदललं होतं.

वस्तुस्थिती : काही प्राणी खरोखर जुळवून घेत आहेत, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. स्वालबार्डला विणीसाठी जाणाऱ्या पिंक-फूटेड गूज या हंसांनी अलीकडच्या वर्षांत जवळजवळ हजार किलोमीटर पूर्वेला, रशियाच्या नोवाया झेमल्या बेटांवर नवी वसाहत थाटली आहे. तिथे आता काही हजार पक्षी असतात. हंसांची कुटुंबं एकत्र प्रवास करतात आणि पिल्लं वाट मोठ्यांकडून शिकतात, त्यामुळे एकाला सापडलेली जागा थोड्या वर्षांत अनेकांची होते. आग्नेय ग्रीनलँडमध्ये, जिथे समुद्र वर्षातले आठेक महिने बर्फाविना असतो, तिथे हिमनद्यांमधून तुटून आलेल्या गोड्या पाण्याच्या बर्फावर शिकार करणारी काहीशे अस्वलं राहतात, हे २०२२मध्ये समोर आलं. मात्र अशा हिमनद्या आर्क्टिकमध्ये मोजक्याच ठिकाणी समुद्राला मिळतात.

ग्रिझली अस्वलांशी संकर होऊन नवी जात टिकेल, हा आशावाद फोल आहे. रानातला पहिला सिद्ध झालेला संकर २००६ साली कॅनडात सापडला. पण २०१७पर्यंत माहीत असलेले आठही संकरित प्राणी एकाच ध्रुवीय मादीच्या वंशातले निघाले.

सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी आर्क्टिक आजच्यापेक्षा उबदार होतं आणि ध्रुवीय अस्वलं त्यातूनही वाचली, हे खरं. मात्र तेव्हाचा बदल हजारो वर्षांत उलगडला होता. अस्वलांची एक पिढी सुमारे अकरा वर्षांची असते. उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासून आजपर्यंत त्यांच्या जेमतेम चार पिढ्या झाल्या आहेत. हंस नवी वाट एका आयुष्यात शिकू शकतो. आईच्या शरीराची ठेवण चार पिढ्यांत बदलत नाही.

गैरसमज ९ : आता काही करण्यात अर्थ नाही, आणि आर्क्टिकशी आपला संबंधही नाही.

वस्तुस्थिती : सागरी बर्फाचं वितळणं एकदा सुरू झालं की थांबतच नाही, अशी समजूत आहे. संशोधन वेगळं सांगतं. उन्हाळ्यातला बर्फ तापमानाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे तापमानवाढ जिथे थांबेल तिथे बर्फाची घटही थांबू शकते. २०१६ साली डर्क नॉट्झ आणि ज्युलिएन स्ट्रोव या शास्त्रज्ञांनी हे नातं आकड्यात मांडलं : हवेत सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरमधला सुमारे तीन चौरस मीटर बर्फ कमी होतो. भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, अमेरिकेत त्याच्या सातपटीच्या आसपास. कोणाची जबाबदारी किती, हे या हिशेबातून स्पष्ट दिसतं. कोणाचीच जबाबदारी शून्य नाही, हेही दिसतं. २०२०मधल्या एका अभ्यासाने अस्वलांच्या उपासाची मर्यादा मोजली. त्यानुसार मर्यादा ओलांडल्यावर आधी पिल्लांचं जगणं धोक्यात येतं आणि प्रौढांचं नंतर. उत्सर्जन असंच वाढत राहिलं तर शतकाअखेर बहुतेक गट नामशेष होण्याची शक्यता आहे. ते आटोक्यात आणलं तर अधिक गट वाचतील.

भारत हा बदल जवळून मोजतो आहे. गोव्यातल्या वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र २००८पासून स्वालबार्डमध्ये ‘हिमाद्री’ हे संशोधन स्थानक चालवतं. तिथल्या नोंदींचा उपयोग आर्क्टिक आणि आपला मान्सून यांचं नातं समजून घेण्यासाठीही होतो.

१९७३मध्ये शीतयुद्धाच्या ऐन काळात पाच देश एका अस्वलासाठी एकत्र आले आणि शिकार रोखली गेली. आज बंदुकीची जागा धुराने घेतली आहे आणि करार करणाऱ्यांची यादी बरीच लांब आहे, म्हणून काम अधिक अवघड आहे. पण प्रत्येक वाचलेल्या टनाबरोबर थोडा बर्फ वाचतो, बर्फाचे काही दिवस वाचतात, आणि त्या दिवसांत आई शिकार करू शकते. आपल्या प्रयत्नांचं मोजमाप करायचं असेल तर पुढच्या वसंतात आईबरोबर किती पिल्लं चालताना दिसतात, ते मोजावं.